पद्मिनीच्या इंजिन ब्लॉकचा रंग: काय टिकते आणि कोणती छटा घ्यावी?

वाशिष्ठीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे वडिलांची १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात ती टपापर्यंत बुडाली आणि त्यानंतर कितीतरी दिवस ताडपत्रीखाली तशीच उभी राहिली. यंदा गणपतीनंतर मनाचा हिय्या करून इंजिन उतरवले, पूर्ण उघडले, बोअर करून घेतले आणि क्रँक घासून आणला. सध्या ब्लॉक, म्हणजे इंजिनाचे ओतीव लोखंडी मुख्य धड, पडवीत जुन्या पाटावर बसला आहे, आणि जोडणी सुरू करण्यापूर्वी त्याला बाहेरून नीट रंग द्यावा असे मनात आहे.

अडचण अशी की याआधी एका गॅरेजमध्ये याच ब्लॉकला चंदेरी रंग मारून घेतला होता आणि तो वर्षाच्या आत पापुद्रे धरून सुटला. काल तारेचा ब्रश फिरवताना त्या चंदेरीखाली हिरवा आणि हिरव्याखाली राखाडी थर निघाला. तिन्ही थर जिथे सुटले तिथे खाली काळे, चिकट तेल होते. जिथे तेल नव्हते तिथला राखाडी मात्र ब्रशलाही दाद देत नव्हता.

दुकानदार ६०० अंशांपर्यंत टिकणारा हीट रेझिस्टंट रंग घ्या म्हणतो, शेजारचे मिस्त्री साधा ऑइलपेंट पुरेसा आहे म्हणतात, आणि पुतण्याचा आग्रह आहे की थेट पावडर कोटिंग करावे. छटेबाबत तर घरात चार माणसांची पाच मते आहेत. ज्यांनी हे काम स्वतः केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

कुर्ला१०८९

चंदेरी हीट रेझिस्टंटच घ्या. मुंबईत टॅक्सीच्या काळापासून हाच रंग मारत आले आहेत, स्वस्त मिळतो आणि ब्रशनेही लागतो. वर्षभरात सुटला तर पुन्हा मारायचा, त्यात एवढा विचार कसला?

रंगशाळा_निवृत्त

मी पुण्याच्या परिसरातील डिझेल इंजिनांच्या एका कारखान्यात रंगविभागात बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे वरच्या सल्ल्याशी आदरपूर्वक असहमती नोंदवतो.

आधी ब्लॉक किती तापतो ते पाहू. पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन पाण्याने थंड होते. पाणी ८०-९० अंशांच्या आसपास असते आणि ब्लॉकचा बाहेरचा पृष्ठभाग साधारण त्याच घरात, काही जागी शंभर-सव्वाशेपर्यंत जातो. खरी आग एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे जळका धूर बाहेर नेणाऱ्या नळकांड्यात, असते. तिथे चारशे-पाचशे अंश आणि त्याहूनही जास्त तापमान सहज गाठले जाते. म्हणजे ६०० अंशांचा डबा मॅनिफोल्डसाठी आहे, ब्लॉकला त्या आकड्याची गरज नाही.

आणि नुसती गरज नाही एवढ्यावर भागत नाही, त्या रंगाने तोटाही होतो. उच्च तापमानाचे हे रंग सिलिकॉन रेझिनवर आधारलेले असतात. ते हवेत वाळल्यासारखे दिसतात, हाताला लागत नाहीत, पण खरे पक्के व्हायला त्यांना साधारण २०० अंशांवर तासभर भाजावे लागते. मॅनिफोल्डवर ते भाजणे आपोआप होते. ब्लॉक मात्र जन्मात त्या तापमानाला जात नाही, त्यामुळे तिथे हा रंग कायम अर्धा कच्चा राहतो आणि पेट्रोलची चिंधी लागली की पुसून हातात येतो. आपला चंदेरी पापुद्रे धरून सुटला त्याला तेलावर मारणे हे एक कारण आहेच, पण तो रंग तिथे मुळात चुकीचाच होता.

ब्लॉकवरच्या रंगाला तीन शत्रू असतात: इंजिन ऑइल, पेट्रोल आणि ब्रेक ऑइल. चौथे कूलंट, पण ते त्यामानाने सौम्य. यांच्यासमोर कोण टिकते, या दृष्टीने निवड करावी. साधा सिंथेटिक इनॅमल, म्हणजे मिस्त्रींचा ऑइलपेंट, इंजिन ऑइलला बऱ्यापैकी तोंड देतो, पेट्रोलने मऊ पडतो आणि ब्रेक ऑइलने तर सोलूनच निघतो. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग पटकन वाळतो म्हणून गॅरेजवाल्यांचा आवडता असला तरी इंजिनावर तो ठिसूळ होतो. हार्डनर घालून मारायचा दोन डब्यांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग, खाली इपॉक्सी प्रायमर, ही जोडी माझ्या मते ब्लॉकसाठी सर्वांत खात्रीची. तिला १२० अंशांच्या आसपासची कोरडी उष्णता सोसते आणि पेट्रोलची तिला फिकीर नसते. इपॉक्सी उन्हात खडूसारखा पांढुरका पडतो हे खरे, पण बॉनेटखाली ऊन येते कुठून?

तयार इंजिन इनॅमलचे स्प्रे कॅनही मिळतात. त्यावर २६० अंशांचा आकडा असतो आणि ते ९०-१०० अंशांवर पक्के होतात, म्हणजे इंजिन चालवल्यावर. घरी स्प्रे गन-कॉम्प्रेसर नसेल तर तो मधला मार्ग आहे.

वाशिष्ठीकाठ

काका, इतके तपशीलवार लिहिल्याबद्दल मनापासून आभार. सिलिकॉन रंगाची ही गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती. आपल्यावर विश्वास नाही असे कृपया समजू नये, पण मी जुन्या ऑइल चेंबरच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या) पत्र्यावर तिन्ही रंगांच्या पट्ट्या मारून पाहतो आणि इथे कळवतो. तोवर पावडर कोटिंगबद्दल कोणी सांगू शकेल का?

फाउंड्रीतला

पावडर कोटिंगबद्दल मी लिहितो, कारण कोल्हापूरला शिरोलीच्या एमआयडीसीत कास्टिंग ओतण्यात माझा दिवस जातो.

ब्लॉक ग्रे कास्ट आयर्नचा असतो. या लोखंडाच्या पोटात ग्रॅफाइटचे पातळ पापुद्रे विखुरलेले असतात. घासलेल्या जागी ते उघडे पडतात, ओतीव सालीवर मुळातच खरबरीतपणा असतो, शिवाय कुठे बारीक सच्छिद्रताही असते. चाळीस वर्षे तेलात आणि आपल्या बाबतीत वर पुराच्या गाळात राहिलेल्या ब्लॉकने या सगळ्या फटींमध्ये तेल पिऊन ठेवलेले असते. वरून कितीही पुसले तरी ब्लॉक गरम केला की ते घामासारखे बाहेर येते. पावडर कोटिंगची भट्टी १८० ते २०० अंशांची असते. पावडर वितळायला आणि हे तेल व हवा बाहेर पडायला एकच गाठ पडते, आणि मग रंगावर टाचणीच्या टोकाएवढी भोके व फोड येतात. आधी एकदा कोरडे भाजून काढल्यास हा प्रकार कमी होतो. तरीही बोअर करून आणलेला, मापात बसवलेला ब्लॉक दोनदा भट्टीत घालण्याचा सल्ला मी देणार नाही. पुतण्याला व्हीलच्या रिमा पावडर करू द्या, त्याचा उत्साह तिथे उपयोगी पडेल.

आता सफाईबद्दल, कारण माझ्या मते रंगाच्या डब्यापेक्षा याच कामाला जास्त दिवस द्यायला हवेत. पहिल्यांदा रॉकेल किंवा डिझेलने जाड थर सोडवा. रॉकेल स्वतःच तेलकट असल्यामुळे तिथेच थांबू नका. त्यानंतर गरम पाणी आणि कपड्यांच्या साबणाचा चुरा घेऊन, काथ्याने आणि बाटली धुण्याच्या ब्रशने प्रत्येक कोपरा घासा. कॉस्टिक सोड्याच्या गरम टाकीत बुडवायचे असेल तर कॅमचे बुश आधी काढलेले असले पाहिजेत, कारण कॉस्टिक त्यांना खातो. आणि हेड ॲल्युमिनियमचे आहे, ते चुकूनही त्या टाकीत जाता कामा नये. धुतल्यावर ब्लॉक कडक पाण्याने विसळा, म्हणजे तो स्वतःच्या उष्णतेने वाळेल, आणि लगेच ब्लोअर मारा. कोकणातल्या हवेत साफ लोखंडावर लाली यायला चहा पिण्याइतकाही वेळ लागत नाही. बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, मात्र तेलाचा हात ताबडतोब द्यायचा आणि ते तेल बाहेरच्या अंगाला लागू द्यायचे नाही. ही कसरत दोन माणसांची आहे.

सँड ब्लास्टिंग करू नका असे म्हणत नाही, पण ऑइल गॅलरीचे, म्हणजे ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांचे, सगळे प्लग काढून, ब्लास्टिंगनंतर बाटलीब्रशने आरपार धुण्याची तयारी असेल तरच करा. गॅलरीत राहिलेले दोन दाणे नव्या बेअरिंगला पुरे होतात. बाहेरची ओतीव साल शाबूत असेल तर कप ब्रशने साफ करून ती तशीच ठेवावी. ग्राइंडर लावून ब्लॉक गुळगुळीत करण्याची एक फॅशन आहे. मला ती आवडत नाही. खरबरीत सालीवर प्रायमर अधिक चांगला धरतो आणि ओतीव वस्तू ओतीव दिसावी असेही वाटते.

घाटमाथा

मूळ प्रश्नालाच हात घालतो. रंग द्यायचाच कशाला? जुन्या गाडीच्या बाजारात ताजा रंगवलेला इंजिन ब्लॉक दिसला की मी दोन पावले मागे सरतो, कारण गळती झाकण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्ग आहे. शिवाय रंगाचा थर म्हणजे इंजिनावर घोंगडी. उष्णता बाहेर कशी पडणार? द्यायचाच असेल तर काळा द्यावा, काळा उष्णता लवकर सोडतो असे शाळेत शिकलो आहे.

रंगशाळा_निवृत्त

बाजाराबाबतचा आपला संशय रास्त आहे. घोंगडीची शंकाही पूर्णपणे चुकीची नाही, पण तिचा हिशेब करून पाहू. रंगाची उष्णतावाहकता ०.२ वॉट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास असते आणि कास्ट आयर्नची सुमारे ५०. म्हणजे १०० मायक्रॉनचा, केसाच्या जाडीचा रंग हा उष्णतेला २५ मिलिमीटर लोखंडाइतका अडथळा करतो. वाचायला भयंकर वाटते! पण ब्लॉकच्या पृष्ठभागावरून हवेत जाताना उष्णतेला जो अडथळा होतो तो याच्या कितीतरी पट मोठा असतो, आणि त्या एकूण अडथळ्यात रंगाचा वाटा शंभरात एक-दोन भाग निघतो. त्यातही ब्लॉकची बहुतेक उष्णता पाण्यातून रेडिएटरकडे जाते. ब्लॉकच्या अंगावरून जाते ती किरकोळ.

काळ्याचे म्हणाल तर डोळ्यांना दिसणारी छटा आणि उष्णतेच्या किरणांचे उत्सर्जन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १०० अंशांच्या वस्तूकडून जे अवरक्त किरण निघतात, त्यांच्या दृष्टीने पांढरा, लाल, हिरवा आणि काळा रंग जवळजवळ सारखेच. अपवाद एकच, तो ॲल्युमिनियमच्या भुकटीच्या चंदेरी रंगाचा. तो उष्णता कमी सोडतो. गंमत पाहा, इंजिन थंड राहील म्हणून लोक नेमका तोच मारतात. फरक अत्यल्प असल्याने त्याचा दोष मानू नये, पण गुणही मानू नये.

आता रंग कशासाठी, तर गंजासाठी. आपल्याकडे चार महिने हवेत पाणी असते आणि धाग्यातली गाडी तर पुरातून आली आहे. आणि दुसरे कारण म्हणजे गळती झाकायला नव्हे, ती दिसायला. त्याबद्दल छटेच्या चर्चेत लिहीन.

मिशिगनचा_मराठी

छटेचा विषय निघालाच आहे तर इकडची थोडी माहिती देतो, कारण माझ्या गल्लीत तीन घरे सोडून एक गृहस्थ शेवरोलेची जुनी इंजिने जोडतात आणि शनिवारी मी तिथेच पडीक असतो.

अमेरिकेत इंजिनाची छटा ही ओळख असते. शेवरोलेच्या १९५५ नंतरच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ चा नारिंगी इतका रूढ की तो रंग 'शेवी ऑरेंज' याच नावाने विकला जातो. १९७७ पासून जनरल मोटर्सने तिथे निळा आणला. फोर्डने १९६६ पासून इंजिनांना गडद निळा दिला. दुसऱ्या महायुद्धातील जीपगाड्या दोन कंपन्या बनवत होत्या. फोर्डच्या जीपचे इंजिन राखाडी आणि विलीसच्या जीपचे ऑलिव्ह हिरवे, त्यामुळे इंजिन बदललेली जीप जाणकार लांबूनच ओळखतात. आपल्याकडे किर्लोस्करच्या पंपसेटचा हिरवा शेतकऱ्याला नाव न वाचता कळतो, तसाच हा प्रकार आहे.

यातून शिकण्यासारखे म्हणजे मूळ छटा शोधायची असेल तर ती उघड्या भागावर शोधू नये. इंजिनावरच्या पेट्रोल पंपाच्या बैठकीची कड, इंजिन माउंटिंगच्या ब्रॅकेटच्या मागची जागा, डायनॅमोच्या पट्टीखालचा भाग, इथे पुढचे रंगकाम सहसा पोहोचत नाही. मात्र सर्वांत खालचा थर कारखान्याचाच असे धरून चालू नका. मध्यंतरी कोणी इंजिन पूर्ण साफ करून रिकंडिशन केले असेल तर तो थर त्याचा असू शकतो. माउंटिंगमागे आणि उघड्या भागावर तळाशी एकच छटा सापडली, तर तो पुरावा बराच वजनदार म्हणावा लागेल.

कुर्ला१०८९

माघार घेतो. काकांचे वाचून काल माझ्या गाडीच्या ब्लॉकवर पेट्रोलची चिंधी फिरवली, चिंधी चंदेरी झाली.

पण एक अनुभवाची गोष्ट मात्र माझ्याकडून घ्या. तीन वर्षांपूर्वी मी इंजिन छान रंगवून बसवले, चावी फिरवली, आणि स्टार्टरने एक कण्हल्यासारखा आवाज करून मान टाकली. बॅटरी नवी, स्टार्टर तपासलेला. दोन दिवस वायरिंग धुंडाळले. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी पान्याचे टोक अर्थच्या पट्टीखाली घालून खरवडले आणि गाडी पहिल्या फटक्यात उठली. मी अर्थची बैठक, स्टार्टरची बैठक, सगळे कौतुकाने रंगवून ठेवले होते. स्टार्टरचा परतीचा करंट त्याच्या अंगातूनच ब्लॉकमध्ये जातो. तिथे रंग म्हणजे रस्त्यात भिंत. तापमानाच्या सेन्सरचे आटे, प्लगची बैठक, अर्थची जागा आणि स्टार्टरची बैठक कोरी ठेवा. अर्थ घट्ट बसवल्यावर वरून ग्रीसचा हात द्या, गंजणार नाही.

फाउंड्रीतला

उत्तम मुद्दा. त्यात भर घालतो ती इंजिन नंबरची. नंबर ठोकलेल्या पट्टीवर ग्राइंडर नको, कप ब्रशही नको. हाताने पुसा आणि अगदी पातळ रंग द्या, किंवा टेप लावून ती जागा तशीच सोडा. उद्या आरटीओत किंवा विम्यासाठी पेन्सिल प्रिंट घ्यायची वेळ आली आणि अक्षरे रंगाने बुजलेली निघाली, तर खुलासे करत बसावे लागेल. गाडीच्या बॉडीचा रंग बदलला तर आरसी बुकात नोंद लागते, इंजिनाच्या छटेची लागत नाही, तेवढे स्वातंत्र्य आहे.

वाशिष्ठीकाठ

पट्ट्यांच्या प्रयोगाचा निकाल देतो. जुना चेंबर धुऊन, घासून, त्यावर थोड्या अंतराने तीन पट्टे मारले: चंदेरी हीट रेझिस्टंट, सिंथेटिक इनॅमल आणि इपॉक्सीवर पीयू. सर्वांना दहा दिवस दिले. मग कापसाचे तीन बोळे पेट्रोलमध्ये भिजवून एकेका पट्ट्यावर ठेवले आणि वर बाटलीची झाकणे पालथी घातली, म्हणजे पेट्रोल उडणार नाही. दहा मिनिटांनी झाकणे काढली. चंदेरीवरचा बोळा उचलताना खालचा रंग त्याच्याबरोबरच आला आणि पत्रा लख्ख दिसला. इनॅमल जागेवर होता, पण नख दाबले तर चंद्रकोरीसारखी खूण उमटली. तासाभराने तो पुन्हा बराच कडक झाला, खूण मात्र राहिली. पीयूवर नख घसरले. त्याच पट्ट्यांवर दुसरीकडे ब्रेक ऑइलचे थेंब रात्रभर ठेवले होते. सकाळी इनॅमलला सुरकुत्या पडून तो सायीसारखा सरकत होता, आणि पीयूची चकाकी किंचित मंदावली होती, इतकेच.

त्यामुळे पीयू नक्की केला. दोन प्रश्न राहतात. पहिला, ब्लॉक सुटा असतानाच रंगवावा की जोडणी झाल्यावर? दुसरा, काही जण क्रँककेस आतून लाल वार्निशने रंगवतात असे ऐकले आहे. ते करावे का?

रंगशाळा_निवृत्त

आमच्याकडे इंजिन आधी पूर्ण जोडत, टेस्ट बेडवर चालवत, मग धुऊन, वाळवून, भोके बंद करून रंगवत. त्याचा फायदा असा की पॅकिंगच्या (गॅस्केटच्या) कोणत्याही बैठकीवर रंग जात नाही आणि गळती रंगाच्या आधीच सापडते. तोटा म्हणजे बोल्टची डोकी आणि पॅकिंगच्या कडाही रंगतात आणि पुढच्या वेळी उघडताना रंग तुटतो. कारखान्याला ते चालते, हौशी माणसाला डोळ्यांत खुपते.

आपण मधला मार्ग काढावा. पाण्याच्या वाटांवर ठोकलेल्या डमी, म्हणजे त्या पत्र्याच्या वाट्या, नव्या बसवा. पुरात भिजलेल्या जुन्या डमी ठेवूच नका, आतून गंजलेल्या असतात. मग क्रँक-पिस्टन घालण्याआधी सुटा ब्लॉक रंगवा. वरची हेडची बैठक, खालची चेंबरची बैठक आणि पुढची टायमिंग कव्हरची बैठक झाकायला जुनी पॅकिंगच वापरा. ती बोल्टने आवळली की तंतोतंत झाकतात आणि टेप कापत बसावे लागत नाही. आट्यांच्या भोकांत जुने बोल्ट फिरवून ठेवा. बोअरमध्ये कागदाच्या सुरळ्या.

आतल्या रंगाबद्दल फाउंड्रीवाल्यांनी लिहावे.

फाउंड्रीतला

आतला लाल रंग म्हणजे मोटर रिवाइंडिंगवाले वापरतात तो इन्सुलेटिंग इनॅमल. मोल्डिंगची वाळू ओतीव सालीत कुठे अडकून राहिली असेल तर ती जागच्या जागी बंद करणे हा त्यामागचा विचार. तेल गुळगुळीत भिंतीवरून लवकर खाली उतरते हा दुसरा दावा. नव्या कास्टिंगसाठी पहिल्या विचारात तथ्य आहे. आपला ब्लॉक मात्र चाळीस वर्षे तेलात धुतला गेला आहे, सुटायची ती वाळू केव्हाच सुटली. त्याउलट ज्या भिंतीने इतके तेल प्यायले आहे तिथे आतला रंग एखाद्या जागी सुटला, तर तो पापुद्रा थेट तेलाच्या जाळीवर जाऊन बसेल. बाहेरचा रंग सुटला तर शोभा जाते, आतला सुटला तर बेअरिंग जाते. मी करणार नाही.

घाटमाथा

हिशेब पटला, काळ्याचा आग्रह सोडतो. पण पीयूच्या हार्डनरबद्दल कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. त्यात आयसोसायनेट असते. ते गनने उडवताना नाकाला रुमाल बांधून भागत नाही. सेंद्रिय वाफांसाठीची कार्ट्रिज असलेला, तोंडावर घट्ट बसणारा मास्क हवा आणि काम उघड्या, वाहत्या हवेत हवे. दम्याचा त्रास असलेल्याने तर त्या बाजूला फिरकूच नये. माझ्या एका परिचित रंगाऱ्याला या धुरापायी व्यवसाय सोडावा लागला.

रंगशाळा_निवृत्त

घाटमाथा यांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. मी ते आधीच लिहायला हवे होते.

त्याच हार्डनरची दुसरी खोड म्हणजे त्याला पाणी चालत नाही. दमट हवेत ते बाष्पाशी संयोग पावते, रंगात बारीक फुगे येतात आणि चकाकी मरते. आमचा नियम असा होता की हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर गन हातात घ्यायची नाही, आणि लोखंडाचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान तीन अंश वर असले पाहिजे. चिपळूणला हे जमवायचे तर दिवाळीनंतरची कोरडी दुपार गाठा, आणि ब्लॉक रात्रभर थंड पडवीतून सकाळी तसाच रंगवायला घेऊ नका. हॅलोजनचे दोन दिवे लावून तो हाताला कोमट लागेपर्यंत तापवा. त्या वेळी कुठे तेल घामासारखे बाहेर आले तर तेही दिसेल. थिनरच्या स्वच्छ चिंधीने पुसायचे, चिंधी दर वेळी नवी, आणि शेवटची चिंधी पांढरी राहीपर्यंत थांबायचे नाही.

प्रायमरचा एक हात, पीयूचे दोन पातळ हात, मध्ये डब्यावर लिहिलेले अंतर. बाहेरचा पृष्ठभाग चौरस मीटरच्या आतबाहेर भरेल, त्यामुळे पाव लिटर प्रायमर आणि अर्धा लिटर रंग उरून पुरेल. लांबी (पुट्टी) भरू नका. उष्णतेने आणि थरथरीने ती पहिली सुटते.

छटेबाबत माझे मत फिकट राखाडीकडे झुकते. फिकट रंगावर तेलाची रेघ उगमापासून दिसते. काळ्यावर ती दिसेपर्यंत खाली अंगणात डबके झालेले असते. अगदी पांढरा घेऊ नये, मॅनिफोल्डशेजारी तो पिवळा पडतो. आणि मॅनिफोल्डला ब्लॉकचा रंग लावायचा नाही हे पुन्हा सांगतो. तिथे कुर्ल्याच्या मित्रांचा चंदेरी शोभेल आणि टिकेलही.

वाशिष्ठीकाठ

पाच आठवड्यांनी लिहीत आहे.

माउंटिंगच्या ब्रॅकेटमागे तोच राखाडी सापडला जो उघड्या भागावर सर्वांत खाली होता. त्यामुळे घरातील वाद एका फटक्यात मिटला. त्या तुकड्याशी जुळवून रंगाच्या दुकानातून राखाडी मिसळून आणला. आईचे म्हणणे पडले की बाबा गाडी धुताना बॉनेट उघडत तेव्हा आत असेच राखाडी काहीतरी दिसायचे.

सफाईला नऊ दिवस लागले, रंगाला एक दुपार. हॅलोजनखाली ब्लॉक तापल्यावर पेट्रोल पंपाच्या बैठकीखालच्या कोपऱ्यात खरोखरच तेलाचे मोत्यांसारखे थेंब आले. मला वाटत होते ती जागा आपण सर्वांत जास्त घासली आहे. तिथे एकोणीस चिंध्या लागल्या, विसावी पांढरी निघाली. ब्लॉकशेजारीच टांगलेल्या पत्र्याच्या तुकड्यावर त्याच गनने रंग मारून ठेवला होता. आठ दिवसांनी त्यावर ब्लेडने उभ्या-आडव्या रेघा ओढून टेप चिकटवला आणि झटक्यात ओढला, एकही चौकोन सुटला नाही.

अर्थची आणि स्टार्टरची बैठक कोरी ठेवली, इंजिन नंबरवर टेप होता. पुतण्याने रिमा पावडर करून आणल्या आहेत आणि त्या चांगल्या दिसतात हे मान्य करावे लागते.

परवा इंजिन पहिल्यांदा सुरू झाले. वीस मिनिटे चालवून बंद केले आणि टॉर्च घेऊन पाहिले, तर मागच्या बाजूला टॅपेट कव्हरच्या बुचाच्या पॅकिंगपासून निघालेली एक बारीक तपकिरी रेघ हेडवरून उतरून राखाडी ब्लॉकवर वीतभर खाली आली होती. बोल्ट पाव फेरा आवळला, चिंधीने रेघ पुसली आणि पुन्हा वीस मिनिटे चालवले. आता कोरडे आहे.